थेंब डोळ्यात घातला, तरी तो डोळ्यातच राहत नाही

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. तीन वर्षांपासून दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे, त्यासाठी रोज रात्री एक औषध घालत होत्या. दोन महिन्यांपूर्वी डोळ्याचं प्रेशर २६ निघालं म्हणून डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ घालायची आणखी एक बाटली दिली. आता प्रेशर १६ आहे. त्यांना जुना दमा आहे, पण पंप फक्त थंडीत लागायचा. हल्ली मात्र रात्री खोकला येतो, जिना चढताना धाप लागते, उठताना चक्कर येते. छातीच्या डॉक्टरांनी पंप वाढवला, तरी फरक नाही. थेंबांमुळे तर नसेल, असं मी म्हटलं तेव्हा दीर म्हणाले, “डोळ्यातला थेंब छातीत कसा जाईल?” सासूबाई ‘बाहेर सांडला तर?’ म्हणून प्रत्येक वेळी दोन-तीन थेंब घालतात, दोन्ही औषधं लागोपाठ. प्रेशर नॉर्मल आलंय, त्यांना दिसतंही नीट. मग थेंब बंद करावेत का? की डोळे वाचवायचे म्हणून धाप सोसायची?

उत्तर:

तुमची शंका रास्त आहे. बाकीचं उत्तर वाचण्याआधी एक काम करा. दोन्ही बाटल्या खोक्यासकट समोर घ्या आणि कंपनीने दिलेल्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव काय छापलंय ते वाचा. शेवट ‘लॉल’ असा होणारं काही सापडतं का? टिमोलॉल, लेव्होब्युनोलॉल, बेटॅक्सोलॉल ही सगळी एकाच गटातली, बीटा ब्लॉकर. सकाळ-संध्याकाळ घालायच्या बाटलीत बहुतेकदा टिमोलॉल ०.५ टक्के असतं, एकटं किंवा दुसऱ्या औषधाबरोबर मिसळलेलं. मोठ्या नावापुढे ‘टी’ किंवा ‘प्लस’ असेल तर ते मिश्रण असण्याची शक्यता जास्त. पण नावावर विसंबू नका, घटकच वाचा.

टिमोलॉल निघालं, तर पुढचा थेंब घालण्याआधी डोळ्याच्या डॉक्टरांना फोन करा. दमा असलेल्या माणसाला टिमोलॉल देऊ नये, असं त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. डोळ्याचे डॉक्टर भेटले नाहीत तर छातीच्या किंवा फॅमिली डॉक्टरांना बाटली दाखवा, तीही आजच. पुढच्या तारखेची वाट पाहू नका. बोलताना धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, पंप घेऊनही दम कमी होत नसेल किंवा चक्कर येऊन त्या पडल्या असतील, तर फोनाफोनीत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठा आणि दोन्ही बाटल्या बरोबर न्या.

रात्रीचं औषध मात्र चालू ठेवा. पत्रात नाव नाही, पण रात्री एकदाच घालायचं औषध बहुधा लॅटॅनोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट किंवा बिमॅटोप्रोस्ट असतं. हा गट वेगळा आणि दम्याच्या रुग्णांना तो सहसा चालतो. खोक्यावर खात्री करून घ्या, कारण लॅटॅनोप्रोस्ट आणि टिमोलॉल एकाच बाटलीतही मिळतं. दोन बाटल्यांत दोनदा टिमोलॉल, असंही नकळत घडू शकतं.

आता तुमच्या दिरांच्या प्रश्नाकडे येते, कारण हाच समज घरोघरी आहे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या बाजूला, पापण्यांच्या कडेवर टाचणीच्या टोकाएवढी बारीक छिद्रं असतात. अश्रू तिथून नाकात उतरतात. रडताना नाक वाहतं ते त्यामुळेच. औषधाचा थेंबही याच वाटेने जातो. काही थेंबांनंतर घशात कडू चव येते, ती याचीच खूण. नाकाच्या आतलं अस्तर नाजूक आणि रक्तवाहिन्यांनी भरलेलं असतं, तिथून औषध थेट रक्तात मिसळतं. पोटातून जाणारी गोळी आधी यकृतातून जाते आणि तिचा बराच भाग तिथेच निकामी होतो. नाकातून रक्तात गेलेल्या थेंबाला ही चाळणी लागत नाही. म्हणून थेंब लहान असला तरी त्याचा शरीरावरचा परिणाम तेवढाच लहान असेल असं नाही.

टिमोलॉल रक्तात गेलं की श्वासनलिका आकसू शकतात. शिवाय पंपातलं सालब्युटामॉल ज्या जागी काम करतं, त्याच जागा टिमोलॉल अडवून बसतं. पंप वाढवूनही फरक का पडला नाही, याचं हे एक संभाव्य कारण आहे. हृदयाचे ठोकेही त्याने मंद होतात, त्यातून थकवा आणि चक्कर. सासूबाई शांत बसलेल्या असताना मनगटावर पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. ५० च्या खाली असेल किंवा मध्येच ठोका चुकत असेल, तर तेही लगेच सांगा. बीपीसाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलची गोळी चालू असेल तर दोन्हींचा भार एकत्र पडतो. मधुमेहाचं औषध चालू असेल तर आणखी एक धोका असतो. साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर टिमोलॉलमुळे जाणवत नाही. घाम मात्र येतो, त्याकडे लक्ष ठेवावं.

हे सगळं थेंबांमुळेच होतंय असं पत्रावरून ठामपणे म्हणता येणार नाही. हृदयाचा त्रास, छातीतला संसर्ग, दमाच वाढणं, ही कारणंही असू शकतात आणि ती डॉक्टरांनी तपासायलाच हवीत. पण बाटली न पाहता नुसता पंप वाढवत राहणं बरोबर नाही. छातीच्या डॉक्टरांनी ‘कोणती औषधं चालू आहेत?’ असं विचारलं असेल आणि घरच्यांनी बीपीच्या गोळ्या सांगितल्या असतील. थेंबांचं नाव बहुधा कुणी घेतलं नसेल. तसंच डोळ्याच्या डॉक्टरांपुढे दम्याचा विषय निघाला नसेल, कारण तेव्हा पंप चालूच नव्हता. थेंब हे औषधच आहे, ते यादीत लिहा. दात काढताना, ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना, नव्या डॉक्टरांना, प्रत्येक ठिकाणी ते सांगा. आणि दमा ‘होता’ असं न म्हणता ‘आहे’ असंच सांगा, गेली पाच वर्षं पंप लागला नसला तरी.

तुमच्या प्रश्नात दोनच रस्ते आहेत: थेंब बंद करा किंवा धाप सोसा. तिसरा रस्ता आहे आणि तोच बहुतेकदा घेतला जातो. औषध बदलायचं. डॉर्झोलामाइड किंवा ब्रिन्झोलामाइड हा एक गट; सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ती आधी सांगावी लागते, आणि तोंड कडू होणं हा त्याचा नेहमीचा त्रास. ब्रिमोनिडिन हा दुसरा. त्याने तोंड कोरडं पडतं, पेंग येते, आणि काही महिन्यांनी डोळे लाल होऊन खाजायला लागले तर ती ॲलर्जी असू शकते. या गटांचीही टिमोलॉलबरोबरची मिश्रणं बाजारात आहेत, म्हणून चिठ्ठीवर ‘टिमोलॉल नको’ असं डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या. बेटॅक्सोलॉल फुप्फुसांना थोडं सौम्य असतं, पण दमा असताना तेही निर्धोक नाही.

औषधं सोसत नसतील तर लेसरबद्दलही विचारा. डोळ्यातला पाणी निचरण्याचा कोन उघडा असेल, तर एसएलटी नावाचा लेसर करता येतो. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत लेसरने उपचार सुरू केलेल्या रुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांचं प्रेशर तीन वर्षांनंतरही थेंबांशिवाय आटोक्यात होतं. ते नवे रुग्ण होते. सासूबाईंना किती उपयोग होईल हे त्यांचा कोन आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस तपासूनच ठरेल, पण विचारायला हरकत नाही.

‘प्रेशर नॉर्मल आलंय, मग बंद करू का?’ याचं उत्तर मात्र ‘नाही’ असंच आहे. १६ हा आकडा थेंबांमुळे आलेला आहे. थेंब थांबले की काही दिवसांत-आठवड्यांत तो पुन्हा चढतो, आणि चढलेलं सासूबाईंना कळणार नाही. काचबिंदूत नजर कडेकडून कमी होते, समोरचं वाचायला शेवटपर्यंत दिसत राहतं. म्हणून ‘दिसतंय नीट’ यावरून काहीच ठरवू नका. ते फील्ड टेस्ट, म्हणजे कडेची नजर मोजणारी चाचणी, आणि नसेची तपासणी सांगते. गेलेली नजर परत येत नाही, थेंब असलेली राखतात. टिमोलॉल थांबवून दुसरं औषध मिळेपर्यंत एक-दोन दिवस गेले तर बहुतेकांचं नुकसान होत नाही, पण पर्यायाशिवाय महिना काढू नका.

आता दोन-तीन थेंबांची सवय. यामागे सासूबाईंची काळजी आहे, पण हिशोब उलटा बसतो. डोळ्याच्या खालच्या पापणीत जास्तीत जास्त सुमारे ०.०३ मिलि मावतं, आणि एक थेंबच ०.०३ ते ०.०५ मिलिचा असतो. म्हणजे पहिल्याच थेंबाने जागा भरते. दुसरा-तिसरा एक तर गालावर ओघळतो, नाही तर नाकात उतरून रक्तात जातो. टिमोलॉलच्या बाबतीत धाप वाढवायला हीच सवय कारणीभूत ठरू शकते. रात्रीच्या औषधाचं तर सांगितल्यापेक्षा जास्त वेळा घातलं की प्रेशर उतरवण्याचं काम कमी होऊ शकतं. बाटली लवकर संपते ते वेगळंच. लॅटॅनोप्रोस्टच्या २.५ मिलि बाटलीत साधारण ८० थेंब असतात, दोन्ही डोळ्यांना महिन्याला ६० लागतात. बाटली पंधरा दिवसांत संपत असेल, तर थेंब कुठे तरी वाया जात आहेत.

थेंब घालायची पद्धत एकदा त्यांच्या शेजारी बसून करून पाहा. हात साबणाने धुवायचे. बाटलीवरचं नाव वाचायचं. ब्रिन्झोलामाइडसारखं दुधाळ औषध असेल तर हलवायचं. मान मागे टाकायची, नाही तर सरळ आडवं व्हायचं. एका बोटाने खालची पापणी हलकेच ओढली की छोटा खिसा तयार होतो. नजर वर, छताकडे. बाटली डोळ्यापासून सुमारे एक इंचावर धरून एकच थेंब खिशात सोडायचा. हात थरथरत असेल तर बाटली धरलेल्या हाताची कड कपाळावर टेकवावी. तेही जमत नसेल तर आडवं होऊन, डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर थेंब टाकायचा आणि मग डोळा उघडायचा, तो आत ओघळतो. थेंब आत गेला की नाही याची शंका राहत असेल, तर त्या औषधाला चालत असल्यास बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावी, गार थेंब नीट जाणवतो. खरंच बाहेर पडला असेल तरच दुसरा घालायचा.

यानंतरच्या दोन मिनिटांचं महत्त्व फार आहे. डोळे हळूच मिटायचे. घट्ट आवळायचे नाहीत, मिचकवायचेही नाहीत, कारण पापणीची प्रत्येक उघडझाप पंपासारखी औषध नाकाकडे ढकलते. मग तर्जनी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर, जिथे दोन्ही पापण्या नाकाशी मिळतात तिथे ठेवायची. बुबुळावर नाही, नाकाच्या हाडावर. दाबल्यावर बोटाखाली हाड लागलं पाहिजे, जागा थोडी गुबगुबीत वाटली तर बोट अजून नाकाकडे सरकवायचं. दोन्ही डोळ्यांत औषध घातलं असेल तर अंगठा एकीकडे आणि तर्जनी दुसरीकडे, चिमटीत नाक धरल्यासारखं. घड्याळ लावून दोन ते तीन मिनिटं. नाकात जाणारी वाट अशी दाबून ठेवली की औषध डोळ्यात जास्त काळ टिकतं आणि रक्तात बरंच कमी जातं. घशात कडू चव येणं कमी झालं, तर बोट बरोबर जागी आहे असं समजा. पण लक्षात घ्या, या युक्तीने टिमोलॉल दम्याला चालणारं होत नाही.

शेवटी पापणीवर, गालावर उरलेलं औषध स्वच्छ कापडाने टिपून घ्यावं. रात्रीच्या गटाच्या औषधाने पापण्यांचे केस लांब होतात, डोळ्याभोवतीची त्वचा काळवंडते. कातडीवर औषध राहू दिलं नाही तर हे कमी होतं. बुबुळाचा रंग गडद होऊ शकतो, तो मात्र कायम राहतो, एकाच डोळ्यात औषध असेल तर फरक दिसून येतो.

दोन औषधं लागोपाठ घातली की दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या, दहा असली तर उत्तम. मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या वाचकांनी थेंबाआधी लेन्स काढावी आणि १५ मिनिटांनी घालावी. बऱ्याच थेंबांतलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे संरक्षक (औषध खराब होऊ नये म्हणून घातलेलं रसायन) लेन्समध्ये शोषलं जातं. रोज दोन-तीन बाटल्या घालून डोळे कायम चुरचुरत असतील, तर त्याचंही कारण हेच रसायन असू शकतं. संरक्षक नसलेले थेंब मिळतात, डॉक्टरांना विचारा.

बाटलीबद्दल काही गोष्टी. टोक पापणीला, बोटाला, टेबलाला लागू देऊ नका. त्यातून आत गेलेले जंतू बुबुळावर जखम करू शकतात. आपल्याकडे पुष्कळ बाटल्यांचं टोक बंद असतं. झाकणाच्या आत काटा असतो, झाकण पूर्ण खाली आवळलं की तो बारीक छिद्र पाडतो. सेफ्टी पिनने, सुईने किंवा कात्रीने टोक कापू नका. छिद्र मोठं होतं, थेंब मोठा पडतो आणि बाटली पहिल्याच दिवशी अस्वच्छ होते. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. बहुतेक थेंब उघडल्यावर चार आठवड्यांनी टाकून द्यायचे असतात, लॅटॅनोप्रोस्टला अनेकदा सहा आठवडे दिलेले असतात. खोक्यावर लिहिलेलं प्रमाण मानावं. न उघडलेलं लॅटॅनोप्रोस्ट सहसा २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. काही कंपन्यांचं फ्रिजबाहेरही चालतं, तसं लिहिलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये मेडिकलमधून आणताना बर्फाच्या पिशवीत आणा, फ्रिजरमध्ये ठेवू नका.

बाटली झाकणाच्या रंगावरून ओळखायची सवय मोडायला हवी, कारण कंपनी बदलली की रंग बदलतो. पांढरी पट्टी चिकटवून त्यावर मोठ्या अक्षरांत ‘रात्री’, ‘सकाळ-संध्याकाळ’ असं लिहा. कानाचे थेंब, फटकन चिकटणाऱ्या गोंदाच्या छोट्या नळ्या याच आकाराच्या असतात, त्या वेगळ्या खोलीत ठेवा. चुकून दुसरं काही डोळ्यात गेलं तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा. गोंदाने पापण्या चिकटल्या तर ओढून उघडू नका. घरात लहान नातवंडं असतील तर बाटल्या उंचावर ठेवा. ब्रिमोनिडिन लहान मुलाच्या पोटात गेलं तर मूल गुंगीत जाऊन त्याचा श्वास मंदावू शकतो.

मेडिकलवाला ‘तीच कंपनी नाही, हे घ्या, सेमच आहे’ म्हणाला तर मूळ नाव आणि टक्के जुन्या खोक्याशी ताडून पाहा. दोन्ही तेच असतील तर जेनेरिक घ्यायला हरकत नाही, जनऔषधी केंद्रातलंही. एखादा घटक जास्त दिसला तर घेऊ नका.

एक धोका काचबिंदूच्या प्रत्येक घराने लक्षात ठेवावा. डोळा लाल झाला की चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या कित्येक थेंबांत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची मोठी साथ आली, तेव्हाही घरोघरी उरलेले थेंब बाहेर निघाले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या उरलेल्या बाटल्यांतही बहुतेकदा स्टेरॉइड असतं. त्याने काही जणांचं प्रेशर आठवड्यांत भरमसाट चढतं. सासूबाईंच्या पंपात स्टेरॉइड असेल तर तो स्वतःहून बंद करू नका, दम्याला ते आवश्यक असतं. फक्त डोळ्याच्या डॉक्टरांना सांगून ठेवा. मध, गुलाबपाणी, तूप डोळ्यात घालू नका. कोन अरुंद असेल आणि लेसर झालेला नसेल, तर सर्दीच्या गोळ्याही विचारून घ्या. डोळा दुखून लाल होणं, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसणं, डोकेदुखी आणि उलटी हे एकत्र आलं, तर त्याच तासात डोळ्याचा दवाखाना गाठा.

एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर घाला, पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. भरपाई म्हणून दोन नकोत. तपासणीच्या दिवशीही थेंब घालूनच जा आणि किती वेळा चुकले ते खरं सांगा. ते लपवलं तर डॉक्टरांना औषध कमी पडतंय असं वाटून ते आणखी एक बाटली वाढवतील.

तुमचे पती आणि दीर चाळिशी ओलांडलेले असतील तर त्यांनीही प्रेशर, नस आणि कोन तपासून घ्यावा, काचबिंदू रक्ताच्या नात्यात येतो. डॉक्टरांकडे जाताना दोन्ही बाटल्या, खोकी, पंप, बीपी-शुगरच्या गोळ्या, आधीचे फील्ड टेस्टचे कागद आणि नाडी-धाप यांची तारीखवार नोंद घेऊन जा. औषध बदललं की साधारण महिनाभरात प्रेशर पुन्हा मोजून घ्यायची तारीख तिथेच लिहून घ्या.